गावच्या गाडीचा ब्रेक जाम: चाक सोडवायच्या आधी अडकलंय कुठे ते बघा

गणपतीच्या आधी दोन दिवस चाकरमानी गावी येतात, पडवीतल्या मारुतीवरचं कव्हर काढतात, नवी बॅटरी लावतात, इंजिन सुरूही होतं. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडी बसल्यासारखी होते आणि बंद पडते. किंवा पुढे सरकते, पण मागचं चाक न फिरता अंगणातल्या मातीत रेघ ओढत जातं. मे महिन्यात हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीची भाद्रपदात ही गत होणारच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि हर्णै, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा किनाऱ्यालगतच्या गावांत खारा वारा वर्षभर असतो. मिठाचा थर हवेतली ओल धरून ठेवतो, त्यामुळे पाऊस नसतानाही बिडाचा ड्रम (मागच्या चाकातली, ब्रेक झाकणारी गोल डब्यासारखी वाटी) गंजत राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. बारीक फटीतून सरकणारा प्रत्येक भाग त्यामुळेच अडकतो.

अशा वेळी शेजारचे चौघे जमून गाडी ढकलतात, नाहीतर कुणीतरी जीप आणून दोर बांधतो. कधी कधी चाक सुटतंही. पण "ब्रेक जाम" या एकाच तक्रारीमागे निदान चार वेगळी कारणं असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याचं नुकसान करतो. शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारा अर्धगोल तुकडा, ड्रमला चिकटला असेल तर हातोडा कामाचा. ब्रेक ऑइलच्या पाइपात प्रेशर अडकलं असेल तर हातोड्याने काहीच होत नाही. पुढच्या चाकाची डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या कॅलिपरवर हातोडा चालवला तर नवा कॅलिपर घ्यावा लागतो.

गाडी उचलताना

सपाट, कडक जागा बघा. पावसाळ्यात मातीत जॅक रुततो, म्हणून खाली निदान दीड इंच जाडीची फळी हवी. गाडीखाली जांभ्याचा चिरा लावायची सवय आपल्याकडे आहे, ती इथे जिवावर बेतेल. चिरा भार घेतो असं वाटतं आणि मग कसलीही सूचना न देता फुटतो, ओला असेल तर लवकरच. गॅरेजचे लोखंडी स्टँड आणा, नाहीतर जाड लाकडी ओंडके आडवे-उभे रचा. चाकाला उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायची अडण) म्हणून मात्र चिरा चालेल.

मागची चाकं उचलताना हँडब्रेक खाली असणार, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. मारुती 800, झेन, आल्टो या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे त्या पहिल्या गिअरमध्ये ठेवल्या तर आणखी आधार मिळतो. ओम्नी, अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी या मागच्या चाकांवर चालतात. त्या गिअरमध्ये ठेवल्या तर ब्रेक मोकळा असूनही चाक हाताने फिरत नाही आणि उगाच गैरसमज होतो. त्या न्यूट्रलमध्येच ठेवा, सगळा भरवसा उटीवर.

कुठे अडकलंय ते शोधा

एकेक चाक उचलून हाताने फिरवा. चारपैकी कोणतं अडकलंय ते कागदावर लिहा. मागची दोन्ही घट्ट आणि पुढची मोकळी असतील तर संशय हँडब्रेकवर. पुढचं एकच घट्ट असेल तर कॅलिपर नाहीतर रबरी होज.

मग त्या चाकाचं ब्लीडिंग निपल (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा. पाना रिंगचा हवा, साध्या तोंडाच्या पान्याने निपलच्या कडा गोल होतात. निपल उघडताच ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर यांत्रिक बिघाड नाही, प्रेशर मागे परतत नाहीये. आता निपल बंद करा, कुणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा. चाक पुन्हा घट्ट झालं की होजच्या वरच्या टोकाचा लोखंडी पाइपाचा नट सैल करून बघा. तिथे उघडल्यावर चाक सुटलं तर मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा भाग) परतीची वाट बंद आहे, किंवा पेडलला मोकळा खेळच उरलेला नाही. तिथे उघडूनही सुटलं नाही आणि फक्त निपलनेच सुटलं, तर होज आतून सुजलाय. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत यायला जोर नसतो. बाहेरून असा होज अगदी चांगला दिसतो. तो दुरुस्त होत नाही, बदलायचा. एका बाजूचा गेला की दुसऱ्या बाजूचाही बदला, वय दोघांचं सारखंच असतं.

निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं तर अडचण लोखंडाला लोखंड धरण्याची. मागच्या चाकाला आणखी एक तपासणी करा. ड्रमच्या मागच्या पत्र्यातून हँडब्रेकची केबल जिथे आत शिरते तिथे केबल हाताने हलवून बघा. हँडब्रेक खाली असूनही ती ताणलेली असेल तर केबल म्यानात, म्हणजे तिच्या बाहेरच्या आवरणात, अडकली आहे. सैल असेल तर शू ड्रमला चिकटलाय.

मागचा ड्रम

आधी हँडब्रेकच्या लिव्हरपाशी केबल ताणणारे नट पूर्ण सैल करा. ही दोन मिनिटांची पायरी गाळून लोक तासभर हातोडा मारत बसतात.

मग गाडी स्टँडवरून खाली घ्या, उटी काढा आणि चाक लावलेलं असतानाच ती पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये हलकेच, अर्ध्या क्लचवर, चार-सहा वेळा पुढे-मागे झुलवून बघा. पुष्कळदा "टण्ण" असा आवाज होऊन चाक सुटतं. तेवढ्यावर थांबू नका. ड्रमला घासणारा लायनर शूच्या पत्र्याला चिकटवलेला असतो, आणि गंजाची पकड त्या चिकटपट्टीपेक्षा बळकट निघाली तर सुटतो तो ड्रम नव्हे, लायनरच शूवरून उखडतो. चाक फिरायला लागतं आणि आपण खूश. मग कधीतरी उताराला तो सुटा तुकडा ड्रम आणि शूच्या मध्ये पाचरीसारखा बसतो आणि चाक एकाएकी लॉक होतं. म्हणून आवाज होऊन सुटलेल्या चाकाचा ड्रम उघडून बघितल्याशिवाय गाडी गावाबाहेर काढायची नाही. दोर बांधून ओढण्यातही हाच धोका, शिवाय टायर सपाट घासला जातो तो वेगळाच.

झुलवून सुटलं नाही तर गाडी पुन्हा तशीच उटी लावून स्टँडवर घ्या आणि चाक काढा. एक किलोचा हातोडा घ्या. मारायचं ड्रमच्या तोंडावर, चाकाच्या बोल्टांच्या मधल्या भागात, मध्ये लाकडाचा ठोकळा धरून. एका जागी जोरात मारण्यापेक्षा फिरत फिरत वीस-पंचवीस मध्यम ठोके जास्त काम करतात, कारण हवा असतो तो हादरा. कडेला मारू नका. बीड ठिसूळ असतं, कडेचा टवका उडतो. बोल्टांच्या टोकांवरही नको, आटे बसतात.

गंज सोडवणारा स्प्रे फक्त मधल्या हबभोवती आणि बोल्टांच्या बुडाशी मारा, रात्रभर राहू द्या. ड्रमच्या मागच्या फटीतून आत डिझेल किंवा रॉकेल ओतायची युक्ती कुणी सांगेलच. ओतू नका. लायनर तेल पितो आणि मग घासला, धुतला, भाजला तरी धरत नाही. पेट्रोलियमचं कुठलंही तेल व्हील सिलिंडरच्या (चाकातला, शू बाहेर ढकलणारा भाग) रबरी बकेटांना, म्हणजे सीलांना, फुगवतं, तो तोटा निराळाच.

ड्रम हलतोय पण निघत नाही, अशी अवस्था नेहमीची. वर्षानुवर्षं घासून ड्रमच्या आत कडेला एक ओठ तयार होतो आणि शू त्याला अडकतात. मागच्या पत्र्यावर रबरी बूच असतं ते काढून आत बघा. दातेरी चक्र दिसलं तर स्क्रू ड्रायव्हरने ते सैल होणाऱ्या दिशेला फिरवा. स्वतः अ‍ॅडजस्ट होणाऱ्या प्रकारात चक्रावरची पट्टी दुसऱ्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलून धरावी लागते, नाहीतर चक्र उलटं फिरतच नाही.

पुढे ड्रम कसा बसवलाय त्यावर अवलंबून. 800 आणि आल्टोमध्ये मागचा ड्रम आणि हब एकच, बेअरिंग त्यातच. मधलं ग्रीसचं टोपण काढून मोठा नट खोलल्याशिवाय तो निघत नाही. स्प्लिट पिन असेल तर ती परत वापरायची नाही. नट ठेचून बसवलेला असेल तर नवा नट घ्या, आणि परत आवळताना गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला टॉर्क पाळा. यात अंदाज चालत नाही, बेअरिंग जातं. ओम्नीसारख्या मागच्या अ‍ॅक्सलच्या गाड्यांत ड्रम अ‍ॅक्सलच्या फ्लँजवर नुसता बसतो. ज्या ड्रमच्या तोंडाला आट्यांची दोन भोकं असतील त्यात 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट घाला आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. एकच बोल्ट आवळत राहिलात तर ड्रम तिरका होऊन आणखी घट्ट धरतो.

यानंतरही हलत नसेल तर शेवटचा उपाय. शू ज्या दोन खिळ्यांनी मागच्या पत्र्याला धरलेले असतात त्यांची डोकी पत्र्याच्या मागच्या बाजूला दिसतात. ती ग्राइंडरने किंवा छिन्नीने उडवा. मग ड्रम शूंसकट बाहेर येतो. खिळे-स्प्रिंगांचा सेट स्वस्त असतो. ग्राइंडर चालवताना लोखंडी पाइप आणि हँडब्रेकची केबल कुठे आहे ते आधी बघा.

ड्रम निघाला की आतली पूड फुंकू नका, एअर मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो. तोंडाला मास्क, आणि साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने धुवून काढा.

आता बघायचं ते हे. लायनर पत्र्यापासून कुठे उचलला गेलाय का, नख घालून कडेने फिरवा. जाडी 1 मिलिमीटरच्या आसपास आली असेल किंवा कुठे तेलकट डाग असेल तर चारही शू बदला, एका बाजूचे दोनच नाही. ड्रमच्या आतला गंज 80 नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, पण खोल खड्डे पडले असतील तर लेथवर द्या. किती मोठा व्यास चालेल तो आकडा बहुतेक ड्रमवरच कोरलेला असतो. त्यापलीकडे गेला की ड्रम भंगारात. व्हील सिलिंडरची रबरी टोपी मागे सरकवून बघा. आत ओलं दिसलं तर बकेट गेल्या. आतली नळी बोटाला गुळगुळीत लागली तर किट, म्हणजे नव्या रबरांचा संच, घालून भागेल. खडबडीत किंवा खड्डे लागले तर किट आठवडाभर टिकेल, तिथे नवा सिलिंडरच हवा. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि नळी बिडाची असेल तर दोन धातू आणि खारी ओल मिळून पिस्टन आतच पांढऱ्या भुकटीत गच्च बसतो. असा सिलिंडर सोडवत बसण्यात अर्थ नाही.

परत जोडताना, मागच्या पत्र्यावर शू टेकतात त्या उंचवट्यांवर ब्रेकचं ग्रीस लावा, बोटाने पुसट. या उंचवट्यांवर गंजाचे चर पडले की शू तिथेच अडकून राहतो, म्हणून आधी ते कानशीने साफ करा. हाताचं ग्रीस लायनरला लागू देऊ नका.

केबल

म्यानातून पाणी शिरतं आणि केबलच्या सगळ्यात खालच्या वळणात साठतं, गंज तिथेच धरतो. वरून तेल सोडून केबल मोकळी होते, पण म्यानाचं प्लास्टिक फाटून आतलं लोखंड दिसत असेल तर पुढच्या पावसात पुन्हा अडकणार. बदलून टाका. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीला मारुतीची केबल सहज मिळते. पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरची मुंबईहून येतानाच आणलेली बरी.

पुढचं चाक

डिस्कवर तांबूस गंज दिसला म्हणून घाबरू नका, तो पाच-दहा ब्रेकांत जातो. घोळ असतो तो तीन जागी. पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत गंजून बसतात: पॅड काढा, खाच वायर ब्रशने आणि कानशीने साफ करा. कॅलिपरच्या सरक पिना सुकतात: पुसून सिलिकॉनचं किंवा ब्रेकचं खास ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर पिनांची रबरी टोपणं फुगतात आणि पिन पुन्हा आवळते.

तिसरी जागा पिस्टन. मागे ढकलायचा असेल तर निपल उघडून, त्याला नळी लावून, जी क्लॅम्पने सावकाश दाबा. निपल बंद ठेवून दाबलं तर तळाचा गाळ वर मास्टर सिलिंडरकडे जातो. पिस्टन बाहेर काढायचा असेल तर समोर लाकडाचा तुकडा ठेवून पेडलच्या दाबानेच काढा. कॉम्प्रेसरची हवा लावली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि मध्ये बोट असेल तर बोट जातं. पिस्टनच्या चकचकीत भागावर खड्डे असतील तर तो आणि सील दोन्ही नवे घ्या. पॉलिश पेपरने घासून परत घातलेला पिस्टन सील कापतो. हे सगळं करताना कॅलिपर होजला लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

ब्रेक ऑइल आणि एअर

ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट हा ऑइलचा दर्जा: नवं डॉट 3 किमान 205 अंशांना उकळतं, पाणी प्यालेलं 140 ला. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. अर्धवट चिकटलेला शू चाक तापवत राहतो, कुंभार्ली किंवा आंबोलीच्या उताराला उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते, पाइपात वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून चाक सुटलं तरी ऑइल पूर्ण बदलायचं. छोट्या गाडीला अर्धा लिटर धुण्यात जातं, हाताशी एक लिटर ठेवा. सीलबंद बाटलीच घ्या, गेल्या वर्षीची अर्धी उरलेली नको. गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या टोपणावर जो डॉट लिहिलाय तोच. सिलिकॉनचं डॉट 5 यात मिसळायचं नाही.

एअर, म्हणजे पाइपात शिरलेली हवा, निपलातून काढताना नेहमीची चूक म्हणजे पेडल तळापर्यंत दाबणं. मास्टर सिलिंडरच्या बकेट रोज ज्या पट्ट्यात फिरतात त्याच्या पुढची नळी वर्षानुवर्षं न वापरलेली, गंजाचे कण धरलेली असते. बकेट तिथे गेल्या की फाटतात, आणि ब्रेक सोडवायला घेतलेल्या गाडीचा मास्टर सिलिंडर आपणच घालवतो. पेडलखाली इंचभर जाडीची पट्टी ठेवा. क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक पहिलं, म्हणजे आपल्या गाड्यांत मागचं डावं. निपल जाम असेल तर आधी हलकं आवळायचं, मग सैल करायचं, सोबत टोकावर छोटे ठोके. सरळ उलट जोर लावला तर ते मुळातून तुटतं. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

पुरात बुडालेली गाडी

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. पुरात बुडालेल्या गाडीत ब्रेक ऑइलच्या टाकीला हवेसाठी असलेल्या बारीक वाटेनेही पाणी जातं. अशा गाडीचा एकच ब्रेक जाम असला तरी चारही ड्रम-डिस्क उघडा, गाळ धुवा, ऑइल आणि सगळी किट बदला.

रस्त्यावर

पहिली चक्कर सपाटीला, चालण्याच्या वेगाने. पेडल घट्ट, गाडी सरळ थांबते, हँडब्रेकवर धरते, एवढं जमलं की तीन-चार किलोमीटर कमीत कमी ब्रेक लावत जा. थांबून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. डाव्या-उजव्याची ऊब सारखी हवी. एखादं जास्त तापलं किंवा जळका वास आला तर ते चाक पुन्हा उघडा. ही तपासणी झाल्याशिवाय घाट नाही.

परत ठेवताना

हँडब्रेक ओढायचा नाही. पहिला गिअर आणि चाकांना उटी. धुतल्यावर लगेच उभी करू नका. गोड्या पाण्याने चाकं आणि खालचा भाग धुवा, मग दहा मिनिटं हलके ब्रेक मारत फिरवा म्हणजे ड्रम सुकतात. पागोळीखाली नको, मातीवर नको, कोबा किंवा फरशी असेल तिथे. प्लास्टिकचं कव्हर जमिनीपर्यंत ओढलं तर ओल आतच कोंडते, चाकं उघडी राहू द्या. वाडीतलं कुणी गाडी बघणारं असेल तर त्याला नुसतं इंजिन चालू करायला सांगू नका, त्याने ब्रेकला काही होत नाही. पंधरा दिवसांतून एकदा गाडी दहा-वीस फूट पुढे-मागे घ्यायला सांगा, प्रत्येक वेळी ब्रेक दाबून. आणि स्टिअरिंगला ठळक चिठ्ठी बांधा: "गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबूनच स्टार्ट करा."